‘परत फिरा’ म्हणणाऱ्या बाई

बाईंना राग येतो, हे विमानतळावर कुणाला ठाऊकच नव्हतं. एकतीस वर्षं त्या टॉवरच्या काचेच्या खोलीत बसून शिकाऊ वैमानिकांशी रेडिओवर बोलत आल्या होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. वारा उलटा फिरो, कुणी भलत्याच टोकाकडून धावपट्टीवर उतरू पाहो, कुणी घाबरून माईकचं बटण दाबून नुसता धापा टाकत बसो, बाई आपल्या त्याच स्वरात म्हणायच्या, "घाई नाही. पुन्हा सांगा." पोरं म्हणत, बाईंच्या आवाजात बसायला खुर्ची असते.

घरीही त्या तशाच. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तो म्हणे, "हिच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा. आपण दमतो, भिंत दमत नाही."

त्यामुळे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी बाईंना राग आला, तेव्हा तो कुठे ठेवायचा हे घरात कुणालाच कळेना. त्यांना स्वतःलाही नाही.

निमित्त झालं नणंदेचं. वन्सं न्हाणीघरात घसरल्या, पायाला प्लास्टर घालावं लागलं आणि दोन महिन्यांसाठी त्या भावाकडे राहायला आल्या. पडून पडून कंटाळतील म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना एक हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणून दिला. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. मधे पडदा, डावीकडे विमान वळवायची कळ, उजवीकडे गोळ्या झाडायचं लाल बटण. लढाऊ विमानांवरचा एक सिनेमा दोन वर्षांपूर्वी फार चालला होता, त्यावर बेतलेला खेळ. तिसऱ्या दिवसापासून वन्संनी औषधाच्या वेळा विसरायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी बाई कामावरून आल्या. दारात वाकून चपलेचा पट्टा सोडवत होत्या, तेवढ्यात आतून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"इंधन संपत आलं आहे. परत फिरा."

बाईंचा हात पट्ट्यावरच राहिला. आत जाऊन पाहतात तो वन्सं तीन उशांना टेकून, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून लाल बटण बडवत होत्या.

"वन्सं, हे काय लावलंय?"

"बोलू नकोस. माझ्या मागे दोघं लागलेत."

"इंधन संपत आलं आहे. परत फिरा," वन्संच्या तळहातातून बाई पुन्हा म्हणाल्या.

वन्संनी मान वर केली. एकदा हातातल्या खेळाकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे. "अगं बाई! वहिनी! ही बया तू आहेस की काय? तरी म्हटलं, कुठेतरी ऐकलेली कटकट वाटतेय!" आणि त्या इतक्या हसल्या की प्लास्टरचा पाय उशीवरून खाली आला.

बाईंनी पाय उचलून परत उशीवर ठेवला आणि खाटेच्या कडेला बसून पडद्याकडे पाहिलं. इंधनाचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. "काटा लाल झालाय," त्या म्हणाल्या. "फिरा की मागे."

"वेडी का खुळी? आता तर दुप्पट गुण! ती परत फिरा म्हणाली की समजायचं, खरी मजा आता."

"आणि इंधन?"

"संपतच नाही! मी काल तासभर लाल काट्यावर उडत होते. काटा बसतो लालमध्ये, आणि ही बसते बोंबलत. तिसऱ्यांदा ऐक, काय चिरकते ते!"

तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं, पण टेप भरभर पळवल्यासारखं, उंदराच्या आवाजात. त्यावर पडद्यावरचा वैमानिक हसला आणि म्हणाला, "अजून एक!" वन्संही त्याच्याबरोबर म्हणाल्या, "अजून एक!" आणि शत्रूचं एक विमान पाडलं.

बाई उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. तळपायाची आग मस्तकात जाणं त्यांनी आजवर फक्त ऐकलं होतं. ती खरोखर पायापासून सुरू होते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

सिनेमावाले आले होते ते त्यांच्याच विमानतळावर. खऱ्या हवाई दलाने त्यांना दारात उभं केलं नव्हतं, म्हणून ते या वैमानिक शिकवणाऱ्या संस्थेत आले. त्यांना टॉवरमधला खरा आवाज हवा होता. बाईंनी एका दुपारी, आवाज घुमू नये म्हणून कपाटाला रजया टांगलेल्या खोलीत बसून चाळीस वाक्यं म्हटली होती. हौसेने म्हटली होती, हे त्या नाकारत नव्हत्या. एका कागदावर सही केली होती. पुढे नवऱ्याबरोबर सिनेमाही पाहिला. त्यांचा आवाज त्यात अकरा सेकंद होता. ‘परत फिरा’ ऐकून नायक मागे वळतो आणि त्याचा मित्र वळत नाही. मित्र समुद्रात पडतो. बाईंना ते पटलं होतं. अंधारात नवऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा त्या चक्क लाजल्या होत्या.

आता त्याच सिनेमाच्या खेळात न वळणाऱ्याला बक्षीस होतं.

हे दोन शब्द म्हणजे बाईंना काय होते, ते सांगायला हवं. त्यांच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी एका शिकाऊ मुलाला टॉवरने ढग उतरताना पाहून परत बोलावलं होतं. तो म्हणाला, "पाच मिनिटं." पाच मिनिटांनी तो डोंगराला धडकला. माईकवर तेव्हा बाईंचे वरिष्ठ होते, बाई शेजारी बसून पेन्सिलीने वेळा लिहीत होत्या. ‘पाच मिनिटं’ हे शब्दही त्यांनीच लिहिले होते. त्यानंतर विमानतळावर नियम झाला: ‘परत फिरा’ला उत्तर एकच, ‘परत फिरतो’. हुज्जत नाही, प्रश्न नाही. आधी विमान वळवायचं, कारण नंतर. कारणसुद्धा टॉवर हवेत सांगत नसे. एकट्याने उडणाऱ्या पोराला ‘टाकी गळतेय’ म्हटलं तर टाकीआधी त्याचे हात गळतात, असं बाईंचे वरिष्ठ म्हणत. तेव्हापासून बाईंनी कितीजणांना परत वळवलं, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. सगळे वळले होते, म्हणून ठेवायची गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बाईंचं लक्ष नव्या तुकडीकडे गेलं. नऊजण होते, एकविशी-बाविशीतले. वर्गात बाई रेडिओची वाक्यं म्हणून घेत. ‘परत फिरा’ आलं की मागच्या बाकावर खांदे हलत. याआधीही हलले असतील. बाईंना वाटलं होतं, वय आहे, हसतात. आता त्यांनी विचारलं, "तो खेळ कुणाकुणाकडे आहे?"

मग एक हात वर गेला. मग नऊच्या नऊ.

पहिला हात चिमणीचा होता. शिंप्याची मुलगी, तुकडीतली सगळ्यात हुशार. बुटकी इतकी, की समोरचं दिसावं म्हणून सीटवर दोन उशा घेऊन बसायची, म्हणून चिमणी. त्याच आठवड्यात धावपट्टीभोवती चकरा मारताना बाईंनी तिला वाऱ्यामुळे परत बोलावलं होतं आणि ती एक चक्कर जास्त मारून उतरली होती. बाईंनी तिला जिन्यात गाठलं.

"त्या दिवशी वळली का नाहीस लगेच?"

चिमणीने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "बाई, खरं सांगू? मी हट्ट नव्हता केला. तुमचा आवाज ऐकला की आधी अंगठाच सरसावतो. डोकं मागाहून येतं. तीन वर्षं खेळतेय मी... म्हणजे तो आणि त्याच्या आधीचे."

"मी जीव तोडून सांगते आणि तुझा अंगठा सरसावतो?"

"तुम्ही जीव तोडून नाही ना सांगत, बाई," चिमणी अगदी गरिबीने म्हणाली. "तुम्ही शांतपणे सांगता. खेळातल्यासारखंच."

मुलगी खरं बोलत होती, आणि बाईंना त्याचाच संताप येत होता.

बाई मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेब संस्थेचे प्रमुख. सभ्य गृहस्थ, पण कुठल्याही गोष्टीवर आधी चहा मागवणारे.

"बाई, पोरं हसतात तर हसू द्या. चार दिवसांनी नवा खेळ येईल."

"चार दिवसांत एकजण डोंगरावर गेला तर?"

"असं एकदम टोकाला जाऊ नका. चहा घ्या."

"चहा नको. माझ्या आवाजाचं ‘लांडगा आला रे आला’ झालंय, साहेब. आणि ओरडणारं पोर मी नाही, ते तिसरंच कुणीतरी आहे."

साहेबांनी खेळाच्या कंपनीला एक पत्र लिहून दिलं. ते घेऊन बाई रजा काढून शहरात गेल्या. चौथा मजला, गालिचा, भिंतीवर पेटलेल्या विमानांची चित्रं. व्यवस्थापक त्यांचा मुलगा शोभेल अशा वयाचा होता. तो उठून उभा राहिला, हात जोडले, आणि चारजणांना हाका मारून म्हणाला, "अरे या, या! ‘परत फिरा’ मॅडम आल्यात!" चौघेही कौतुकाने येऊन बघून गेले.

"मॅडम, लोकांना सगळ्यात जास्त तुमचाच आवाज आवडतो."

"तो काढून टाका."

"सॉरी?"

"माझा आवाज खेळातून काढा. नाहीतर काटा लाल झाल्यावर विमान पाडा. दोन्हीतलं एक करा."

त्याने फाइल मागवली, कागद काढला, नवव्या कलमावर बोट ठेवलं. सिनेमाशी संबंधित कुठल्याही वस्तूसाठी, हवा तसा फेरफार करून आवाज वापरता येईल. खाली बाईंची सही होती, स्वच्छ, टपोरी. "आणि विकले गेलेले खेळ कसे परत घेणार, मॅडम? लाखो हातांत आहेत."

"तुम्ही विमानात बसला आहात?"

"हो, बऱ्याचदा."

"तुमच्या वैमानिकाला खालून कुणी म्हणालं, परत फिरा. त्याने काय करावं?"

तो हसला. "मॅडम, हा खेळ आहे हो."

"त्या पोरांनाही तसंच वाटतं," बाई म्हणाल्या. त्याने निघताना खेळाचा एक नवा डबा भेट म्हणून पुढे केला. बाईंनी तो त्याच्या टेबलावर, त्याच्याच कपाच्या बशीत ठेवला आणि बाहेर पडल्या.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आमच्याकडे छापून गेलं की गेलं. फार तर मागे शुद्धिपत्र चिकटवायचं."

"आवाजाचं शुद्धिपत्र कुठे चिकटवू? एकेकाच्या कानात?" बाईंनी पाण्याचं भांडं असं आपटलं, की आतल्या खोलीतून वन्सं ओरडल्या, "वहिनी, काय फुटलं?"

"काही नाही! तुम्ही पाडा विमानं!"

नवरा ताटाकडे बघत जेवत राहिला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण ही बाई त्याने पहिल्यांदा पाहत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडा धाक आणि थोडं कौतुक होतं.

वन्संना मात्र चेव आला. सकाळी बाई म्हणायच्या, "गोळी घ्या," तर उशांमधून उत्तर यायचं, "अजून एक!" ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ असं आपण आपल्याच आवाजाबद्दल म्हणायचं का, याचा विचार करत बाई बस पकडायच्या.

पुढच्या आठवड्यात चिमणी सात नंबरचं विमान घेऊन एकटी उडाली. नदीपलीकडच्या मोकळ्या पट्ट्यावर वळणांचा सराव करायचा आणि परत यायचं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, वारा नावाला. टॉवरमध्ये बाई माईकवर, शेजारी त्यांचा जोडीदार. या जोडीदाराला सगळे कुजबुज म्हणत. पन्नाशीचा माणूस, आधी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज घोंगडीतून आल्यासारखा. बाई गेली सहा वर्षं त्याला एकच सांगत होत्या, "शब्द तोंडाबाहेर काढा, खिशात ठेवू नका. माझ्यासारखं बोला." तो ते हसून घ्यायचा, वेळा लिहायचा, आणि बाई जेवायला गेल्या की तेवढ्यापुरता माईक सांभाळायचा.

दहा वाजून अडतीस मिनिटांनी मिस्त्री जिना चढून वर आले. विमानांची देखभाल करणारे हे मिस्त्री टॉवरमध्ये वर्षातून एकदा दिवाबत्ती बघायला आले तर यायचे. आज धापा टाकत आले आणि ओला पंजा बाईंच्या नाकासमोर धरला. पेट्रोलचा वास खोलीभर झाला.

"सात नंबर उभं होतं तिथे थारोळं झालंय," ते म्हणाले. सकाळी टाकीच्या तळाची चावी उघडून इंधनात पाणी उतरलंय का ते बघतात. ती चावी नीट बसली नव्हती. थेंबथेंब नाही, धार लागलेली.

"किती वेळ आहे तिच्याकडे?"

"आत्ता निघाली तर पोचेल. तिकडे आणखी दहा मिनिटं घुटमळली, तर नदीत."

"काटा?"

"त्या विमानाचा काटा? तो मेल्यावरही अर्ध्यावरच राहील."

बाईंनी माईक जवळ ओढला. "सात नंबर, परत फिरा."

उत्तर लगेच आलं, आनंदी, मोकळं. "सात. बाई, काटा अर्ध्यावर आहे. एकच वळण राहिलंय, तेवढं करून येते."

कुजबुजने पेन्सिल थांबवून बाईंकडे पाहिलं. असं उत्तर त्या खोलीत सत्तावीस वर्षांत आलं नव्हतं.

"सात नंबर, परत फिरा," बाई म्हणाल्या. तोच स्वर, तीच खुर्ची.

रेडिओ खरखरला आणि त्यातून चिमणी हसून म्हणाली, "अजून एक, बाई!"

ती मुद्दाम म्हणाली नव्हती. पुढे तिने शपथेवर सांगितलं की आपण असं म्हणालो हेच तिला आठवत नाही, आणि ते खरं असणार. पण बाईंच्या आत काहीतरी तुटलं. त्या उभ्या राहिल्या, हेडफोनची वायर ताणली, आणि एकतीस वर्षांत जे त्या खोलीने ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"ए चिमणे! अजून एक नाही नि अर्धं नाही! गुण मोजतेस का वर बसून? तुझा तो काटा खोटारडा आहे, मेले! मी नाही! वळव ते विमान! आत्ताच्या आत्ता वळव, नाहीतर मी वर येऊन तुझा कान धरून खाली आणीन!"

मिस्त्री भिंतीला चिकटले. रेडिओवर नुसती खरखर. मग एक बारीक, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीचा आवाज आला, "सात... परत फिरते."

बाई तशाच उभ्या राहिल्या. दुर्बिणीत ठिपका दिसायला नऊ मिनिटं लागली. ठिपक्याचं विमान व्हायला आणखी तीन. चाकं जमिनीला टेकली आणि पंखा दोनदा खोकून थांबला. विमान तसंच घरंगळत धावपट्टीच्या मधोमध येऊन उभं राहिलं. ट्रॅक्टरने ओढून न्यावं लागलं. मिस्त्रींनी टाकीत काठी घालून बघितली. काठीला ओल लागली होती, इतकंच.

चिमणीला पंधरा दिवस जमिनीवर ठेवलं. ती डोळे पुसत बाईंना भेटायला आली. बाईंनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि म्हणाल्या, "मी अजून रागावलेली आहे. तुझ्यावर किती आणि कुणाकुणावर किती, ते मलाच वेगळं करता येत नाही. तू आज जा."

बाई जिना उतरून कँटीनसमोरून निघाल्या. आत तुकडीतली पोरं बसली होती. सगळ्यांनी रेडिओ ऐकला होता. एकजण टेबलावर चमचा आपटत म्हणत होता, "कान धरून खाली आणीन!" दुसरा बारीक आवाजात, "सात, परत फिरते!" आणि हशा. त्यात वाईट काही नव्हतं. भ्यायलेली पोरं भीती अशीच झटकतात, हे बाईंना चांगलं माहीत होतं. पण त्या दाराआडच थांबल्या. चमचा पुन्हा आपटला, पुन्हा हशा. अवघे दोन तास झाले होते.

दुपारी साहेबांनी बोलावलं. समोर ध्वनिमुद्रण आणि टाईप केलेलं पत्र. रेडिओवर मंजूर वाक्यांखेरीज बोलणे, शिकाऊ वैमानिकास टोपणनावाने हाक मारणे, आवाज चढवणे. ताकीद. साहेबांनी पत्र पुढे सरकवताना नजर खिडकीकडे ठेवली.

"बाई, मुलगी वाचली, हे मला कळतं. पण वरच्या कार्यालयात हे जाणार. सही करा आणि विसरा."

बाईंनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. ‘टोपणनावाने’मधला ‘टो’ पुसट उठला होता, तो पेनाने नीट केला आणि सही केली. "सगळं खरं आहे. चढवला आवाज."

"मग झालं तर. उद्यापासून नेहमीसारखं..."

"नेहमीसारखं नाही. एकट्याने उडणाऱ्या पोरांशी मी रेडिओवर बोलणार नाही."

"अहो! दुसरं कोण आहे? आणि तुमच्या ओरडण्याने वळलीच ना ती?"

"ते आता कँटीनमध्ये गेलं, साहेब. चमचे वाजवताहेत. दुसऱ्यांदा ओरडले तर हसतील, आणि तिसऱ्यांदा कुणीतरी ते टिपून विकेल. माझ्या शांतपणाची वाट लागली, आता रागाचीही लागली."

"तुम्ही रागाच्या भरात बोलताय."

"रागाच्या भरातच. राग उतरला तर मी पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसेन. मला ती खुर्ची आवडते. म्हणून तो उतरायच्या आत लिहून घ्या."

साहेबांनी, का कोण जाणे, त्या दिवशी चहा मागवला नाही. कागद ओढला आणि लिहून घेतलं.

टॉवरमध्ये परत येऊन बाईंनी हेडफोन काढला आणि कुजबुजच्या समोर ठेवला. तो असा मागे सरला जणू कुणी तापलेला तवा ठेवलाय.

"मी? बाई, माझं बोलणं समोरच्या खुर्चीला ऐकू जात नाही, असं तुम्हीच म्हणता."

"म्हणते. म्हणून आत्ता बसा. माईक बंद आहे. म्हणा, सात नंबर, परत फिरा."

कुजबुजने घसा साफ केला. सहा वर्षं शेजारी बसून ऐकलेलं त्याने शक्य तेवढं आठवलं, आणि मंजुळ, सपाट, खुर्चीसारख्या स्वरात म्हणाला, "सात नंबर, परत फिरा."

"हे माझं आहे!" बाई कडाडल्या. "माझ्यासारखं नको! तो आवाज गेला, संपला, तो वन्संच्या उशीखाली आहे! तुमचा काढा."

"सात नंबर, कृपया परत फिरा."

"कृपया काय? जेवायला बोलावताय? पुन्हा."

"सात नंबर परत फिरा."

"आता बसस्थानकावरची गाडी सुटली. पुन्हा."

पंचवीस वेळा झालं, तीस वेळा झालं. खाली ट्रॅक्टर गेला, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी दुसरीकडे कलली. कुजबुजच्या कपाळावर घाम आला. बाई पाठीमागे उभ्या राहून प्रत्येक वेळी नुसतं "नाही" म्हणत होत्या, आणि त्या "नाही"त कंपनीचा गालिचा होता, नववं कलम होतं, स्वतःची टपोरी सही होती. तो बिचारा यातल्या कशालाच जबाबदार नव्हता, हे त्यांना कळत होतं आणि थांबवत नव्हतं.

"नाही. पुन्हा."

कुजबुजने हेडफोन टेबलावर ठेवला आणि वळला. "अहो बाई, किती वेळा! माणूस आहे मी! सहा वर्षं म्हणता माझ्यासारखं बोला, आज म्हणता बोलू नका! एकदा काय ते ठरवा!"

आवाज घोगरा होता, खरखरीत, कडेला फाटलेला. काचेच्या खोलीत तो चांगला घुमला. स्वतःच दचकून कुजबुज गप्प झाला.

"हा," बाई म्हणाल्या. "याच आवाजात म्हणा."

तो त्यांच्याकडे बघत राहिला, अजून लाल झालेला. मग समोर वळून म्हणाला. या वेळी बाई ‘नाही’ म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच नंबर एकटं वर गेलं. नदीपलीकडे धुरकट पट्टा दिसायला लागला, तसा कुजबुजने माईक ओढला आणि त्या फाटक्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाच नंबर, परत फिरा."

बाई त्याच्या शेजारी पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले, दुसऱ्या हातात दुर्बीण. कितीतरी वेळ रेडिओवर काही आलं नाही. मग एक पोरगा, जरा गडबडून, म्हणाला, "पाच. परत फिरतो," आणि लांबवर विमानाचा पंख कलला.

बाईंनी वेळ लिहिली. पेन्सिलीचं टोक मोडलं, इतकी दाबून लिहिली.